दहावीचा निकाल आठवीच्या वर्गात लागतो: मुख्याध्यापकांसाठी वर्षभराचा कार्यक्रम

दहावीचा निकाल लागला की खान्देशातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात, चोपडा घ्या, शिरपूर घ्या की शहादा, चौकाचौकात शाळांचे फलक लागतात. मोठ्या अक्षरात टक्केवारी, खाली पहिल्या तीन मुलांचे फोटो आणि त्यांच्याहून मोठा संस्थाचालकांचा फोटो. मीही मुख्याध्यापक असताना असे फलक लावले. आता निवृत्त झाल्यावर सांगायला हरकत नाही: त्या आकड्यावरून मला माझ्याच शाळेबद्दल काही कळत नव्हतं.

शाळा कशी चालली आहे हे आठवी-नववीच्या साध्या तासांत ठरतं, जे बघायला कुणी येत नाही. आणि ते तास कसे होतात, हे मुख्याध्यापक आपल्या शिक्षकांचा वेळ कसा वापरतो आणि त्यांच्या वर्गात किती वेळा जाऊन बसतो यावर ठरतं. शिक्षक नेमणं, काढणं, पगार वाढवणं यातलं काहीच आपल्या हातात नसतं. वेळापत्रक, ऑफ तास (शिक्षक नसल्याने मोकळा पडलेला तास), टाचण (शिक्षकाने लिहिलेली पाठाची तयारी), निरीक्षण आणि थोडीफार माया एवढंच असतं. तेवढ्यात काय करता येतं ते खाली लिहिलं आहे. आमच्या भागातल्या खासगी अनुदानित शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. आश्रमशाळांचा कारभार आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत चालतो, त्यामुळे तिथल्या मुख्याध्यापकांनी आपल्या सोयीने बदल करून घ्यावा.

पहिली पायरी: निकालाची शिलाई उसवा

एकूण टक्केवारी बाजूला ठेवा. भाषा, गणित आणि विज्ञानात १०० पैकी २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात, म्हणजे शाळेच्या हातातले. ते कसे दिले जातात हे आपण एकमेकांना सांगायची गरज नाही. वीसपैकी अठरा आणि ऐंशीपैकी सतरा मिळालेला मुलगा ३५ गुणांनी पास होतो, फलकावरच्या टक्केवारीत मोजला जातो आणि अकरावीत गेल्यावर रडतो.

म्हणून एका दुपारी लिपिकांना सोबत घेऊन बसा आणि प्रत्येक विषयातून ते वीस वजा करा. ८० पैकी २८ च्या खाली किती मुलं आहेत, कोणत्या तुकडीत आहेत, त्या तुकडीला आठवी-नववीत तो विषय कुणी शिकवला, अशी यादी करा. यादी कपाटात ठेवा. शिक्षकांच्या सभेत वाचून दाखवाल तर पुढच्या वर्षी खरं बोलणारा एकही माणूस उरणार नाही.

जूनमध्येच आठवीला एक तासाची चाचणी घ्या. भागाकाराची पाच गणितं, अपूर्णांकांची पाच, ऋण संख्यांची पाच, दहा ओळींचं श्रुतलेखन आणि एक उतारा प्रत्येकाकडून मोठ्याने वाचून घेणं. आजूबाजूच्या जिल्हा परिषद शाळांतून आलेली मुलं यात उघडी पडतात, आणि पाचवीपासून आपल्याकडेच असलेलीही तितकीच पडतात. माझ्या शाळेत हे दुसरं पाहून मला जास्त लाज वाटली होती.

दुसरी पायरी: बुडालेले तास मोजा

शिक्षक चांगला की वाईट हा वाद नंतर. आधी तो वर्गात किती तास उभा राहतो ते पाहा.

साधा हिशेब. दहा तुकड्या, प्रत्येकीला आठवड्याला ४५ तासिका, म्हणजे शाळेच्या ४५०. रोज सरासरी दोन शिक्षक रजेवर, प्रशिक्षणाला किंवा तालुक्याच्या कामाला गेले आणि प्रत्येकाचे सहा तास असले, की दिवसाला १२ आणि सहा दिवसांत सत्तरच्या आसपास तास दुसऱ्याच कुणाच्या तरी हाती जातात. तिथे ‘वाचत बसा रे’ होतं. यात उशिरा आलेली एसटी, पहिल्या तासाला दहा मिनिटं लांबलेला परिपाठ आणि मधल्या सुट्टीनंतर रेंगाळलेला चहा धरलेलाच नाही.

एक साधी दोनशे पानी वही घ्या. पर्यवेक्षकांनी रोज तीनच गोष्टी लिहायच्या: तुकडी, विषय, तास झाला की बुडाला. कारण आणि शिक्षकाचं नाव दोन्ही लिहायचं नाही. महिनाअखेरीला तुकडीनिहाय बेरीज करा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नववी ‘ब’चं बीजगणित सगळ्यात जास्त बुडालेलं निघालं, आणि ते शिकवणारे सर आळशी अजिबात नव्हते. त्यांच्याकडे शिष्यवृत्तीचं काम, निवडणुकीचं काम आणि आंतरशालेय क्रीडा स्पर्धा असं सगळं होतं. ‘सर करतात’ म्हणून आम्हीच ते दिलं होतं.

उपाय दोन. एक, कामांचं वाटप पुन्हा करा. यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती), शालार्थ (पगाराची ऑनलाइन बिलं), शिष्यवृत्ती, पोषण आहाराच्या नोंदी ही कामं सर्वांत वाटून द्या, आणि गणित-विज्ञान-इंग्रजीच्या शिक्षकांकडे त्यातलं एकच ठेवा. दोन, ऑफ तासाची पेटी करा. जूनमध्ये प्रत्येक शिक्षकाने आपल्या विषयाच्या, प्रत्येक इयत्तेसाठी दोन कृतिपत्रिका तयार करून द्यायच्या, अशा की कुणीही वर्गात नेल्या तरी मुलं ३५ मिनिटं लिहीत राहतील. त्या ऑफिसच्या कपाटात तुकडीनिहाय पाकिटांत ठेवा. बदली तासाला जाणारा शिक्षक पाकीट घेऊनच जिना चढेल.

रजेचा अंदाजही आधीच घेता येतो. श्रावणात कानबाईचा सोमवार, पोळा, दिवाळीनंतरची लग्नं, सातपुड्याच्या पायथ्याला होळीआधीचे आदिवासींचे भोंगऱ्या बाजार. या दिवसांत मुलंही कमी येतात आणि शिक्षकही. तेव्हा नवा धडा ठेवू नका. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू झाली की नववीतला मुलगा आठवड्याला दोन-तीन दिवस शेतात असतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला तर गावातच नसतो. वार्षिक नियोजन लिहिताना शिक्षकाला हे माहीत असतं, तरी तो पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने महिने भरतो, कारण तपासणाऱ्याला तेच हवं असतं. तपासणारे आपणच आहोत.

तिसरी पायरी: वेळापत्रक पुन्हा लिहा

बहुतेक शाळांत वेळापत्रक असं बनतं: दहावी सगळ्यात चांगल्या शिक्षकाला, नववी उरलेल्याला, आठवी मानधनावरच्या नव्या शिक्षण सेवकाला. दहावीच्या शिक्षकाला मग दोन वर्षांची गळती एका वर्षात बुजवायला लागते, म्हणून सकाळचे जादा तास, रविवारचे तास आणि सराव परीक्षांवर सराव परीक्षा.

हे उलटं करा. गणिताचे तुमचे सगळ्यात पक्के सर किंवा मॅडम आठवीला द्या आणि त्याच तुकडीबरोबर त्यांना दहावीपर्यंत वर जाऊ द्या. पहिल्या वर्षी विरोध होईल. ‘सर, मला आठवी म्हणजे शिक्षा का?’ असं एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं. सेवाज्येष्ठतेचा मान आणि तुकडीची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घरी जाऊन, चहा घेत, एकट्याने समजवावं लागतं. संस्थेलाही आधी सांगून ठेवा, नाहीतर अध्यक्षांचा फोन येतो.

अपडाऊनचं काय करायचं? जळगाव, धुळे, नंदुरबारहून रोज येणारे शिक्षक आपल्याकडे आहेत आणि राहणार. सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी उशिरा आली म्हणून कुणाला ओरडून ती वेळेवर येत नाही. बाहेरून येणाऱ्यांना पहिला तास देऊ नका, त्याबदल्यात शेवटचा तास त्यांचा, आणि तो घंटा होईपर्यंत पूर्ण घ्यायचा, असा उघड करार करा. गावात राहणाऱ्यांवर पहिल्या तासाचा भार पडतो, तर त्यांना शनिवारी एक तास कमी द्या.

वेळापत्रकात आणखी एक बदल हवा, आणि बाकी काही जमलं नाही तरी हा कराच. एकाच विषयाच्या शिक्षकांचा आठवड्यातला एक तास एकाच वेळी मोकळा ठेवा. कागदावर बसवताना डोकं फिरतं. आमच्या पर्यवेक्षकांना त्यासाठी तीन रात्री लागल्या.

चौथी पायरी: मागच्या बाकावर बसा

वर्गनिरीक्षणाच्या आपल्या लॉगबुकात काय लिहिलेलं असतं? ‘अध्यापन समाधानकारक. फलकलेखन सुबक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ मी स्वतः हे वाक्य किती वेळा लिहिलं याची गणती नाही. साहित्याचा वापर वाढवून तक्ते भिंतीवर आले. मुलांना भागाकार आला का, ते कुणी लिहिलं नाही.

निरीक्षणाची रीत बदला. सुरुवात तीन-चार शिक्षकांपासून करा, सगळ्या शाळेपासून नको. मॅथ्यू क्राफ्ट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ साली, वर्गात येऊन शिक्षकाला मार्गदर्शन करण्याच्या ६० अभ्यासांचा एकत्र ताळा घेतला. शिकवण्याची पद्धत ठळक सुधारते, मुलांचे गुणही सुधारतात पण त्या मानाने कमी, आणि कार्यक्रम जितका मोठा तितका त्याचा गुण कमी, असं त्यातून निघालं. अभ्यास बहुतेक अमेरिकेतले आहेत, तरी शेवटची गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही मोहिमेला लागू पडते.

पहिला तास तुमचा स्वतःचा. मुख्याध्यापकाने आपला तास लावावा आणि शिक्षकांना मागे बसायला बोलवावं. मी आठवीला अपूर्णांक घेतला तेव्हा एका तरुण मॅडमनी नंतर हळूच सांगितलं, ‘सर, तुम्ही खिडकीकडच्या रांगेला एकही प्रश्न विचारला नाही.’ खरंच विचारला नव्हता. त्या दिवसानंतर माझ्या निरीक्षणाची कुणाला भीती वाटली नाही.

दुसऱ्यांच्या वर्गात जाताना आधी सांगून जा. वीस मिनिटं पुरेत. शिक्षकाकडे पाहत बसू नका, मुलांकडे पाहा. मागच्या बाकावरच्या पाच मुलांच्या वह्या उघडा: काल काय लिहिलं, तपासलं गेलं का, चूक पुन्हा झाली का. प्रश्न कुणाला विचारले जातात ते वर्गाचा आराखडा काढून त्यावर टिंब देत मोजा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती थांबतो, हे घड्याळावर पाहा. बहुतेक वेळा दोन सेकंदही नसतात.

मग त्याच दिवशी दहा मिनिटं बसा, ऑफिसात नको, प्रयोगशाळेत किंवा व्हरांड्यात. आधी त्यालाच विचारा, ‘आज कुणाला समजलं नसेल, असं तुम्हाला वाटतं?’ पुढचं सगळं या प्रश्नातून निघतं.

विज्ञानाच्या एका सरांचं उदाहरण सांगतो. नववीला ते गतीचे नियम शिकवत होते. उत्तम बोलतात, वर्ग खिळून असतो. दर पाच मिनिटांनी ‘समजलं का?’ आणि पन्नास गळ्यांतून ‘हो सर!’ मी मागे बसून शेजारच्या मुलाला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, ‘नही समजनं सर, पन सगया हो म्हंतस.’ (नाही समजलं सर, पण सगळे हो म्हणतात.) सरांना मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते दुखावले, गप्प झाले, मग हसले. आम्ही एकच गोष्ट ठरवली: पंधरा दिवस ‘समजलं का’ हा प्रश्न बंद. त्याऐवजी तासात दोनदा एक छोटा प्रश्न, सगळ्यांनी वहीच्या मागच्या पानावर उत्तर लिहायचं, सरांनी रांगांतून फिरून दहा वह्या पाहायच्या. पंधरा दिवसांनी मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांनीच सांगितलं, ‘अर्ध्या वर्गाला बल आणि दाब एकच वाटतंय, मी दोन दिवस मागे आलो.’ अभ्यासक्रम मागे पडला म्हणून त्यांना अपराधी वाटत होतं. मी त्यांच्या टाचण वहीत ‘योग्य’ असं लिहून सही केली, ती त्यांना पुढे बराच काळ पुरली असावी.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा यायची तारीख द्यायची. तारीख पाळता येणार नसेल तर पहिल्यांदा जाऊच नका.

ही निरीक्षणं वेगळ्या वहीत राहतात आणि गोपनीय अहवालात जात नाहीत, हे सुरुवातीलाच जाहीर करा आणि पाळा. मूल्यमापन करणारा हात आणि मदत करणारा हात एकच आहे असं दिसलं, की शिक्षक तुम्ही येणार त्या दिवशी ठेवणीतला पाठ काढतात. मुलांनाही कळतं ते, आणि तीही त्या दिवशी ठेवणीतली उत्तरं देतात.

न्यूझीलंडच्या व्हिव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शाळेच्या नेतृत्वावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले होते. मुख्याध्यापकाच्या पाच प्रकारच्या कामांत मुलांच्या शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम दिसला तो शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सामील होण्याचा. शिस्त, साधनसामग्री, ध्येयधोरणं सगळं त्यानंतर. मी हे फार उशिरा वाचलं.

पाचवी पायरी: विषयाचा तास

तिसऱ्या पायरीत राखून ठेवलेल्या सामाईक मोकळ्या तासात त्या विषयाच्या शिक्षकांनी घटक चाचणीच्या वीस उत्तरपत्रिका घेऊन बसायचं. गुण मोजायचे नाहीत, सगळ्यात जास्त वेळा झालेली एक चूक शोधायची. कंसाबाहेर उणे असताना आतली चिन्हं न बदलणं, ‘कारणे द्या’मध्ये प्रश्नच पुन्हा लिहिणं, अशी. ती का होते आणि पुढच्या आठवड्यात वर्गात काय करायचं, एवढंच ठरवायचं. इतिवृत्त दोन ओळींचं.

मराठीच्या गटात आमच्याकडे एक छान गोष्ट निघाली. मुलं ‘फळा’ला ‘फया’, ‘डोळा’ला ‘डोया’ लिहीत होती आणि वर्षानुवर्षं आम्ही लाल शाईने गोल करून ‘शुद्धलेखन सुधारा’ लिहीत होतो. अहिराणीत आणि लेवा गणबोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. मूल ऐकलेलं अचूक लिहीत होतं. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या मॅडमना हे माहीत नव्हतं, आणि आम्हा इथल्यांना माहीत असून सुचलं नव्हतं. मग घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द अशा दोन रकान्यांची यादी मुलांकडूनच करून घेतली. चूक दाखवण्यापेक्षा ते लवकर जमलं. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे हाच प्रश्न पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांचा आहे, आणि तो याहून पुष्कळ मोठा आहे.

सहावी पायरी: नवा शिक्षक

शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवरून आलेला शिक्षण सेवक तीन वर्षं मानधनावर असतो. माध्यमिकला २०२३ पासून महिना १८,००० रुपये. कोल्हापूर किंवा नांदेडकडून आलेला, अहिराणी न कळणारा, चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात खोली शोधणारा. त्याला आपण काय देतो? सगळ्यात अवघड तुकडी, आणि ‘तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना’ म्हणून पोर्टलची सगळी कामं.

आधी खोली शोधून द्या, शाळेच्या शिपायाला गावातलं घर न् घर माहीत असतं. पहिल्या सत्रात दोन-तीन तास कमी, पोर्टलचं काम नाही. त्याच विषयाचा एक जुना शिक्षक सोबती म्हणून द्या. आठवड्यात एकदा त्याने नव्याच्या वर्गात बसायचं आणि एकदा नव्याने त्याच्या. महिन्यातून एकदा पाड्यावर किंवा मळ्यात, मुलांच्या घरी जाऊन यावं. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते आणि तिथलं वसतिगृहही सांभाळत होते. मुलगा जेवला का, आजारी आहे का हे ज्याला माहीत असतं, त्याच्या तासाला मुलगा वेगळा बसतो. २४ डिसेंबरला त्यांच्यावर भाषणं करतो आपण, पण वेळापत्रकात मुलाच्या घरी जायला जागा ठेवत नाही.

सातवी पायरी: प्रशिक्षणाचं काय करायचं

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या विकासासाठी द्यावेत, असं म्हटलं आहे. शिवाय नोकरीच्या १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणीचं आणि २४ वर्षांनी निवड श्रेणीचं प्रशिक्षण आहेच. दीक्षा या सरकारी ऑनलाइन मंचावरचा व्हिडिओ आवाज बंद करून चालू ठेवायचा आणि प्रमाणपत्र घ्यायचं, ही कला सगळ्यांना अवगत आहे. ओरडून उपयोग नाही. एकच नियम करा: प्रशिक्षणाहून आलेल्याने आठ दिवसांत, आपल्याच शाळेत, खऱ्या वर्गावर एक तास घ्यायचा आणि दोन सहकाऱ्यांनी मागे बसायचं. प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं तेही वर्गाच्या गरजेवरून ठरवा, ‘कोण मोकळं आहे’ यावरून नको.

आठवी पायरी: न शिकवणारा शिक्षक

प्रत्येक शाळेत एखादा असतो. त्याच्यासाठी सगळ्यांना परिपत्रक काढू नका, चांगले दुखावतात आणि तो सही करून मोकळा होतो. आधी एकट्याला बोलवा आणि कारण ऐका. दारू, कर्ज, घरातलं आजारपण, कधी पंधरा वर्षांपूर्वी डावललेली बढती. दोन महिने मदत द्या, तारखांसह लिहून ठेवा. तरीही तास बुडत असतील तर १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली यांच्या चौकटीत लेखी समज द्या, संस्थेला कळवा. तोंडी अपमान वर्गात किंवा स्टाफरूममध्ये कधीच नाही. कागद नीट नसले की प्रकरण तुमच्यावरच उलटतं, आणि ते उलटलेलं मी जवळून पाहिलं आहे.

नववी पायरी: काय मोजायचं, कधी

दिवाळीच्या सुट्टीआधी आणि जानेवारीच्या शेवटी, दोनदा. बुडालेल्या तासांची वही. आठवीची जूनचीच चाचणी पुन्हा, आकडे बदलून. बाजाराच्या दिवशीची हजेरी. आणि माझी आवडती मोजणी: सहामाहीच्या उत्तरपत्रिकांत कोरे सोडलेले प्रश्न किती. मूल चुकीचं का होईना, लिहायला लागलं की शिक्षकाचा तास पोचायला लागला असं समजा. गुण त्यानंतर, बहुधा पुढच्या वर्षी वाढतात. संस्थेला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या मे-जूनमध्येच ‘काय फरक पडला, सर?’ येतं.

एप्रिलमध्ये निकालपत्रकांच्या गडबडीतही प्रत्येक शिक्षकाबरोबर पंधरा मिनिटं बसा. प्रश्न दोनच: या वर्षी कोणता धडा तुमच्या हातून चांगला गेला, आणि पुढच्या वर्षी कोणती तुकडी हवी? उत्तरं लिहून घ्या. पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकाचा कच्चा कागद ३० एप्रिलला स्टाफरूमच्या फलकावर लावा. १ मेला ध्वजवंदन आणि निकालवाटप झालं की सगळे त्या कागदासमोर उभे राहतात आणि भांडतात. पेन्सिल आणि खोडरबर शेजारी ठेवा.